इतिवृत्तात न बसलेलं

विषय क्रमांक चार : रक्ताचे नमुने.
मी लिहायला बसलो होतो खिडकीकडे पाठ करून,
मुरुडच्या दवाखान्याच्या वरच्या खोलीत,
जिथं खारा वारा कागद उडवतो
म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर एक शिंपला.

सहा डॉक्टर, पुण्याचे एक आकडेतज्ज्ञ,
आणि यादीच्या शेवटी, नियमाप्रमाणे,
‘समाजाचा प्रतिनिधी – एक’.
त्या एकाचं नाव यमी हिलम.
खाडीपलीकडच्या कातकरवाडीतून आलेली,
पहाटेची चिंबोरी विकून,
नखांत अजून चिखल.
पुढ्यात पाण्याची बाटली, झाकण न फिरवलेली,
आणि चाळीस पानांचा प्रस्ताव. इंग्रजीत.

‘काही शंका?’ अध्यक्षांनी घड्याळाकडे बघत विचारलं.
असं विचारलं की बहुधा शंका नसतात.

‘मागलं रगत कुठं हाय?’

मागलं म्हणजे?
‘नात पोटात होती तवा नेलेलं.
आता ती पाचवीत जाते.
तीन नळ्या माझ्या, तीन लेकीच्या.
सांगतो म्हणाले. कोण आलाच नाय.’
तो आमचा प्रकल्प नव्हता, कुणीतरी म्हणालं.
‘गाडी ह्याच रंगाची होती.’

मी लिहिलं :
सदस्यांनी पूर्वीच्या अभ्यासाबाबत विचारणा केली.

मग माहितीपत्रक फिरलं.
सिकलसेल, आणि समजायला सोपं जावं म्हणून
शेजारी विळ्याचं चित्र.
‘बाया भ्याल्या,’ ती म्हणाली,
‘रगत काढतात आन् वर विळा दाखवतात.’
पुण्याचे साहेब हसले, मग हसायचे थांबले.
त्यांनी तक्ता काढला : जानेवारी ते मार्च, घरटी भेट.
‘तवा वाडीत कोण? म्हातारी न् कुत्री.
माणसं वीटभट्टीवर. आगोटीला येतात परत.’
साहेबांनी तक्त्यावर रेघ मारली,
पेन्सिलनं, हलकी,
पुसता येईल अशी.

नंतर ती जे बोलली
त्याला विषय क्रमांक नव्हता.
‘माझा आजा कात पाडायचा.
कोवळ्या खैराला हात लावत नव्हता.
साल सोलायची, तांबडा गाभा ढलपायचा,
रातभर उकळायचा.
गोळे झाले की शेठच्या वखारीत.
आन् आमच्या पानाला कात
आम्ही दुकानातनं विकत आणायचो.’

पंखा फिरत राहिला.
एका गठ्ठ्यावरचा शिंपला कुणीतरी
उगाच उचलून परत ठेवला.

काय हवंय तुम्हाला, तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं.
खरंच विचारलं. खुर्ची तिच्याकडे वळवून.
‘ज्यानं सुई टोचली त्यानंच येऊन सांगावं.
कागद नको. ओट्यावर, समद्यांच्या म्होरं.
पर कुणाच्या पोरीत काय निघालं
ते तिच्या आईला एकटीला.
आन् जी नको म्हणंल
तिची गोळी बंद करायची नाय.’

घाईघाईत उतरवताना
माझ्या शब्दांची शेपटं तुटत होती.
‘गोपनीयता’ असं लिहिलं,
मग खोडलं,
आईला एकटीला, असंच ठेवलं.

शेवटी ठरावाचा कागद तिच्यापुढं सरकला.
शाईचा पॅड आधीच उघडून ठेवलेला,
आमची तयारी चोख असते.
तिनं पॅडचं झाकण लावलं.
‘आज नाय. वाडीला विचारते.
तुम्ही एकीला बोलावलं,
पर रगत काय माझ्या एकटीचं नाय.’

निर्णय : प्रलंबित.
बावीस वर्षांत हा शब्द मी हजारदा लिहिला असेन,
आळसानं, टाळाटाळीनं, चहा आला म्हणून.
आज पहिल्यांदा
त्याच्यावर कुणीतरी काम करणार होतं.

जाताना प्रवासभत्त्याच्या पावतीवर मात्र
तिनं अंगठा दिला,
दोनशे रुपये दोनदा मोजून घेतले.
तो हक्क होता, त्याला वाडीला विचारायचं काय.

फायलीत लावताना पाहिलं :
जांभळ्या शाईच्या रेघांमध्ये
खाडीचा चिखल अडकलेला, अजून ओला.
मी पावती तशीच उघडी ठेवली,
वाळेपर्यंत.